विणीच्या कापडाचा टी-शर्ट



झबली, परकर, उशांचे अभ्रे, शाळेचे सदरे अशा पुष्कळ वस्तूंविषयी आम्ही या जागेवरून आजवर लिहीत आलो. परंतु घरातील वाढत्या मुलांस आणि तरुण पुरुषांस जो कपडा आज सर्वांत अधिक लागतो, त्याविषयी आम्ही एक अक्षरही लिहिले नव्हते. हा कपडा म्हणजे टी-शर्ट. न लिहिण्याचे कारण सांगावयास थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो. आम्ही शिवलेला पहिला टी-शर्ट फसला होता, आणि तो अशा दिवशी फसला की त्याचा विसर पडणे कठीण.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी चार वर्षे आमच्याकडे राहत होता. परक्या घरी राहणारे मूल, ते घर मावशीचे असले तरी, मागून काही घेत नाही. ताटात पडेल ते जेवते, मिळेल ते नेसते. सोळाव्या वर्षी हा मुलगा एकाएकी उंच झाला. बाजारचा तयार टी-शर्ट खांद्यात बसला तर लांबीला अपुरा पडे, आणि लांबीला पुरला तर अंगावर पोत्यासारखा लोंबे. तो कधी तक्रार करीत नसे. परंतु फोटो काढण्याची वेळ आली की मागच्या रांगेत जाऊन उभा राही. हे आमच्या ध्यानात आले, आणि गावच्या फेस्ताला त्याच्यासाठी स्वतः टी-शर्ट शिवावयाचा असे आम्ही ठरविले.

शिवणकामाची सवय असल्याचा आम्हांस थोडा गर्वच होता. निळे कापड आणले, सदरा बेततो तसा बेतला, घरच्या पायमशीनवर सुती दोऱ्याने नेहमीसारखी सरळ टीप मारली, इस्त्री करून खुंटीवर टांगला. टांगलेला तो फार सुरेख दिसला. फेस्ताच्या सकाळी मुलाने तो डोक्यावरून ओढला मात्र, गळ्याची शिलाई तडतड उसवत गेली. डोके बाहेर आले तेव्हा गळपट्टी एका खांद्यावरून सुटून लोंबत होती. मुलगा क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "राहू दे मावशी, जुना घालतो." त्याने तो टी-शर्ट नीट घडी करून पलंगावर ठेवला आणि जुना सदरा घालून तो मिस्सेस गेला. तो रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

त्यानंतर दोष कोठे होता याचा शोध आम्ही पुष्कळ दिवस घेतला. तो सापडला, आणि नंतरचे टी-शर्ट नीट झाले. त्या शोधात जे हाती लागले तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कापड ओळखावे. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील हातमाग ज्यांनी पाहिले असतील त्यांस विणकाम म्हणजे काय हे सांगावयास नको. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि त्यांमधून आडवा धागा धोट्याने खालीवर जातो. असे कापड उभे ओढा, आडवे ओढा, ते फारसे हलत नाही. केवळ तिरके, म्हणजे उरेब ओढले तर थोडे देते. टी-शर्टचे कापड असे नसते. आजीच्या हातातील दोन सुयांवर स्वेटर जसा फाशात फासा अडकवून वाढतो, तसे हे कापड वाढलेले असते. त्यात उभे-आडवे ताणलेले धागे नसतात. एकच धागा वळणे घेत जातो, आणि ओढ बसली की ती वळणे सरळ होऊन कापड रुंदावते. ओढ गेली की वळणे पुन्हा आपल्या जागी येतात. हे काम यंत्रावर आणण्याचे श्रेय इंग्लंडातील विल्यम ली यास देतात. त्याने १५८९ साली पायमोजे विणण्याचे यंत्र रचले. आज आपल्या देशात या विणीच्या कापडाचे सर्वांत मोठे केंद्र तामिळनाडूतील तिरुपूर हे होय.

हे कापड प्रथम अंतर्वस्त्रांसाठी वापरले जात असे. आपल्याकडील गंजीफ्रॉक आठवावा म्हणजे झाले. अमेरिकेच्या नौदलातील खलाशी गणवेषाखाली अर्ध्या बाह्यांचा, बटणे नसलेला असा सदरा घालीत. दोन्ही बाह्या पसरल्या की त्याचा आकार इंग्रजी टी या अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव टी-शर्ट पडले. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या एका कादंबरीत हा शब्द छापलेला आढळतो. १९५१ साली 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटात मार्लन ब्रँडो हा नट तसा सदरा वरचा कपडा म्हणून घालून आला, आणि त्या काळापासून तरुणांनी तो उघडपणे मिरविण्यास आरंभ केला. आतला कपडा बाहेर आला, पण त्याचा गुण तोच राहिला. तो अंगाबरोबर ताणतो आणि अंगाबरोबर परत येतो.

आता आमची चूक वाचकांच्या लक्षात आली असेल. कापड ताणणारे होते, दोरा ताणणारा नव्हता. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण बावीस-तेवीस इंच असतो. टी-शर्टचा गळा असतो अठरा इंचांच्या आसपास. डोके आत जाताना गळा चार-पाच इंच वाढलाच पाहिजे. कापड वाढले, सरळ टिपेतील सुती दोरा मात्र मुळातच ताठ, तो कोठून वाढणार? तो तुटला. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की जितके कापड देते तितके शिलाईनेही दिले पाहिजे. आणि दुसरा नियम असा की शिवताना हाताने कापड ओढू नये. जेथे शिलाईस मुद्दाम वाव द्यावयाचा असतो तेवढेच अपवाद, ते पुढे सांगू. बाकी सर्व सूचना या दोन नियमांच्याच शाखा आहेत.

कापड घेताना दुकानदाराकडे सुती सिंगल जर्सी मागावी. ती फार पातळ नसावी. हात खाली धरला असता त्वचेचा रंग दिसू नये. दर चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या आसपास वजनाचे कापड टी-शर्टास चांगले. पुष्कळ ठिकाणी हे कापड वजनावर विकतात, तेव्हा वजन विचारण्यात संकोच बाळगू नये. नंतर कापडाची परीक्षा करावी. चार इंच कापड दोन्ही हातांत आडवे धरून ताणावे व सोडावे. ते पाच-साडेपाच इंचांपर्यंत जाऊन लगेच चार इंचांवर परत यावे. परत न येता ढिले राहिले तर ते कापड सोडून द्यावे, कारण आज दुकानात जे परत येत नाही ते उद्या कोपरावर आणि पोटावर फुगणार. काही कापडांत लायक्राचा अल्प अंश असतो. हा रबरासारखा धागा ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला. त्याचा शंभरात पाच भाग असला तरी कापड चांगले परत येते. परंतु पहिल्या प्रयत्नास शुद्ध सुती कापडच शिवावयास सोपे.

उघडे कापड सत्तर इंच रुंद असेल तर मध्यम अंगाच्या पुरुषास एक मीटर पुरते आणि चिंध्याही थोड्या उरतात. नळीसारखे गोल कापड मिळाल्यास ते एका बाजूने उभ्या साखळीच्या रेषेत कापून उघडावे. गळपट्टीसाठी निराळे, उभ्या रेघांचे रिब कापड पाव मीटर घ्यावे. बनियनच्या गळ्याला किंवा स्वेटरच्या मनगटाला असते तसे ते असते. त्याचा ताण जर्सीहून पुष्कळ अधिक असतो.

कापड घरी आणल्यावर कात्री हातात घेण्याचा मोह आवरावा. विणीचे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि ते रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. म्हणून जर्सी व रिब दोन्ही पाण्यात घालून, हलक्या हाताने पिळून, सावलीत आडवी पसरून वाळवावीत. दोरीवर टांगू नयेत. ओल्या कापडाचे वजन त्यालाच खाली ओढते. पावसाळ्यात आमच्या बाजूस आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी पंख्याखाली चटईवर पसरावे, आणि दोन दिवस अधिक थांबावे. ज्यांनी हे दोन दिवस वाचविले, त्यांच्या मुलांचे टी-शर्ट महिन्याभरात बेंबीच्या वर गेलेले आम्ही पाहिले आहेत.

बेतण्यासाठी सर्वांत चांगला गुरू म्हणजे नीट बसणारा जुना टी-शर्ट. तो नसेल तर शेजारून एक दिवसासाठी आणावा. त्यास मध्यावर उभा दुमडून जाड तपकिरी कागदावर पसरावा आणि पेन्सिलीने कडा काढाव्या. जेथे मुंढ्याची शिलाई आहे तेथे टाचणीने कागदावर भोके पाडीत जावे. भोके जोडली की मुंढ्याचा बाक मिळतो. गळ्याची रेषा पट्टीच्या वरच्या कडेने काढू नये, पट्टी जेथे जोडली आहे त्या शिलाईवरून काढावी. पुढचा गळा खोल आणि मागचा गळा जेमतेम पाऊण इंच खाली असतो, म्हणून पुढचा व मागचा कागद निरनिराळा करावा. बाहीही तशीच उतरवून घ्यावी. मग खांदा, बाजू, मुंढा आणि गळा यांस सर्वत्र पाव इंचाहून किंचित अधिक शिलाई सोडावी, आणि खालच्या घेरास व बाहीच्या तोंडास एक इंच दुमड सोडावी.

ज्याच्यासाठी शिवावयाचे त्याचे माप मात्र टेपने अवश्य घ्यावे. छातीच्या मापात दोन ते तीन इंच मिळविले की तयार टी-शर्टचा घेर निघतो. छत्तीस इंच छातीस अडतीस ते एकोणचाळीस इंच घेर शोभतो. मागावरच्या कापडाचा सदरा शिवताना आपण चार-सहा इंच सैल ठेवतो, तितके येथे नको, कारण उरलेले काम कापड स्वतः करते. खांद्याचे माप एका हाडाच्या टोकापासून दुसऱ्या हाडाच्या टोकापर्यंत पाठीवरून घ्यावे आणि त्यात काहीही मिळवू नये. टी-शर्ट बाजारातला वाटतो की घरातला, हे खांद्यावरच ठरते. आमच्या भाच्याच्या बाबतीत बाजाराची अडचण हीच होती: खांदे मुलाचे आणि लांबी पुरुषाची. त्याच्या कागदास आम्ही कमरेच्या रेषेवर आडवे कापून दोन इंचांचा जोड दिला, तेवढ्याने प्रश्न सुटला.

कापताना कापड मेजावर किंवा स्वच्छ जमिनीवर पूर्ण टेकलेले असावे. कडेवरून लोंबता भाग बाकीच्यास ओढतो. जवळून पाहिले असता सुलट बाजूस वेणीसारख्या बारीक उभ्या साखळ्या दिसतात. कागदाचा मध्य त्या साखळीशी समांतर ठेवावा. यात आळस केला तर धुतल्यावर बाजूची शिलाई वळत वळत पोटावर येते. सुलट-उलट ओळखू येत नसेल तर आडव्या कापलेल्या कडेस हलकेच ताणावे. ती सुलट बाजूकडे गुंडाळते. टाचण्या शिलाईसाठी सोडलेल्या भागातच टोचाव्या, कारण एक फासा तुटला की तेथून छिद्र पसरू शकते. बाहीचा ताणही हाताच्या भोवती आडवा आला पाहिजे, उभा नव्हे.

आता सुई. नेहमीच्या अणकुचीदार सुईने धागा चिरला जातो. शिवताना काही दिसत नाही, पण दुसऱ्या धुण्यानंतर शिलाईशेजारी मोहरीएवढी भोके उमटतात. यासाठी गोल टोकाची सुई मिळते. दुकानात बॉलपॉइंट सुई म्हणून मागावी आणि ११ किंवा १२ नंबरची घ्यावी. तिचे टोक धाग्यास न चिरता बाजूस सारून जाते. दोरा सुती न घेता पॉलिस्टरचा घ्यावा. तो स्वतः थोडा ताणतो आणि लवकर तुटत नाही. मशीनच्या वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा. दाबपट्टीच्या दांड्यावर जो स्क्रू असतो तोही थोडा सैल करावा, म्हणजे पट्टी कापडास दाबून पुढे लोटणार नाही आणि शिलाईस लाटा येणार नाहीत. तरीही लाटा आल्या तर कापडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून टीप मारावी व नंतर कागद फाडून काढावा.

ज्यांच्या मशीनवर नागमोडी टीप, म्हणजे झिगझॅग आहे, त्यांचे काम सोपे. अगदी अरुंद झिगझॅग ठेवले तर दुरून ती सरळच दिसते, पण वळणे घेत गेलेला दोरा कापडाबरोबर लांबतो. ज्यांच्या घरी सासूच्या काळातील काळी सरळ टिपेची मशीन आहे, त्यांनीही निराश होऊ नये. आमची मशीन तशीच आहे. टीप बारीक करावी, इंचास बारा टाके. शिवताना शिलाई पुढे-मागे दोन्ही हातांनी अगदी हलकी, सारखी ताणून धरावी, म्हणजे सोडल्यावर दोऱ्यास थोडा वाव राहतो. मागचा हात कापडास सुईपासून खेचून घेत नाही ना, याकडे मात्र लक्ष असावे. येथे कापड धरावयाचे आहे, ओढावयाचे नाही. प्रथम चिंध्यांवर चार टिपा मारून त्या ताणून पाहाव्या. टीप तुटली तर चिंधीच वाया जाते.

शिवण्याचा क्रम असा. प्रथम खांदे जोडावे. सर्व टी-शर्टमध्ये न ताणणारी अशी ही एकच जागा हवी, कारण सर्व वजन तेथे टांगलेले असते. म्हणून खांद्याच्या शिलाईत अरुंद सुती फीत धरून शिवावी. फीत नसेल तर जर्सीचीच उभ्या साखळीत कापलेली पाव इंच पट्टी चालेल. हा खांदा शिवताना मुळीच ताणू नये.

दुसरे काम गळपट्टी. हे सर्वांत नाजूक, आणि येथेच आम्ही प्रथम फसलो. तयार गळ्याच्या शिलाईची रेषा टेप उभा धरून मोजावी. रिबची पट्टी तिच्याहून आखूड घ्यावयाची. प्रमाण आठास सात. गळा अठरा इंच असेल तर पट्टी पावणेसोळा इंच, आणि टोके जोडण्यासाठी अर्धा इंच अधिक. रुंदी दोन इंच घ्यावी, म्हणजे दुमडून शिवल्यावर पाऊण इंचाहून किंचित कमी दिसते. पट्टीचा ताण तिच्या लांबीत येईल अशा रीतीने कापावी. टोके जोडून कडे करावे, ते लांबीत दुमडावे, आणि त्याचे चार सारखे भाग करून टाचण्या लावाव्या. गळ्याचेही तसेच चार सारखे भाग करावे. येथे खांद्याची शिलाई ही पावाची खूण नव्हे, कारण पुढचा गळा मोठा असतो. चार टाचण्या चार टाचण्यांशी जुळवाव्या, पट्टीचा जोड मागच्या मध्यावर ठेवावा, आणि पट्टी वर घेऊन शिवावे. ताणावयाची ती फक्त पट्टी, तीही गळ्याएवढी होईपर्यंतच. गळा स्वतः जसा आहे तसा पडू द्यावा. पट्टी लांब झाली तर गळा माकडटोपीसारखा बाहेर उभा राहतो, फार आखूड झाली तर भोवती चुण्या पडतात.

सरळ टिपेची मशीन असणाऱ्यांस आमचा आग्रहाचा सल्ला असा की ही एक शिलाई हाताने घालावी. पॉलिस्टर दोऱ्याची बारीक उलटी टीप, दोरा आवळून न ओढता घातलेली, मशीनच्या सरळ टिपेहून कितीतरी अधिक ताणते, कारण प्रत्येक टाका मागे येऊन दोऱ्याचे वळण करतो. अठरा इंचांची शिलाई ती काय? जेवणानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. फेस्तानंतर आम्ही तोच निळा टी-शर्ट उसवून त्याचा गळा याच रीतीने हाताने शिवला, आणि मुलाच्या अंगावर देण्यापूर्वी स्वतःच्या डोक्यावरून दहा वेळा घालून काढला. एकही टाका सुटला नाही.

तिसरे, बाह्या. बाजू शिवण्यापूर्वीच, कापड सपाट असताना, बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईशी जुळवून बाही मुंढ्यास जोडावी. नंतर बाहीच्या तोंडापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खालच्या घेरापर्यंत एकच सलग शिलाई घालावी. काखेत दुसरी टीप मारावी, कारण हात वर गेला की तेथेच ओढ बसते. जर्सीच्या कडा सुती कापडासारख्या पिंजत नाहीत, तेव्हा ओव्हरलॉक नसले तरी अडत नाही. तथापि गावातील शिंप्याकडे ती मशीन असेल आणि त्याच्याशी घरोबा असेल, तर आतल्या कडा त्याच्याकडून करून घ्याव्या. काम अधिक स्वच्छ दिसते.

शेवटी खालचा घेर आणि बाह्यांची तोंडे. घेर खांद्यांवरून उतरताना ताणतो, म्हणून तेथेही मशीनची साधी सरळ टीप टिकत नाही. झिगझॅग असल्यास ती वापरावी. नसल्यास एक इंच दुमडून आतून हाताने उलटसुलट तिरके टाके घालावे, ज्यांत दोरा दर टाक्यास स्वतःस फुलीप्रमाणे ओलांडतो. बाहेर टाक्याचा केवळ ठिपका दिसतो आणि घेर हवा तेवढा ताणतो. सर्व झाल्यावर इस्त्री कापडावर फिरवू नये. टेकवावी, उचलावी, पुढे टेकवावी. गळपट्टीवर ओलसर फडके ठेवून वाफ दिली की ती गळ्याभोवती सपाट बसते.

आता ऐट. तरुणांस ती हवी असते, आणि त्यात काही वाईट नाही. पुष्कळांची समजूत अशी की ऐट छातीवरच्या मोठ्या चित्रात किंवा परदेशी अक्षरांत असते. आमच्या मते ती चार ठिकाणी असते: खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर, बाही दंडाच्या मध्यावर संपणारी आणि दंडास जवळ, घेर पट्ट्याच्या खाली चार-पाच इंच, आणि गळपट्टी मानेस टेकलेली. एवढे साधले की रंगांचा खेळ करावा. राखाडी अंगास गर्द निळी गळपट्टी आणि बाह्यांच्या तोंडास तशीच अरुंद पट्टी, किंवा पांढऱ्या अंगास तांबडी. गळपट्टीच्या रंगाचाच खिसा डाव्या छातीवर लावला तर उत्तम. परंतु खिसा लावण्याच्या जागी आतून पातळ सुती कापडाचा तुकडा धरावा, नाहीतर पेनाच्या वजनाने टी-शर्ट तेथे ओघळतो. रंगीत रिब लावण्यापूर्वी ती वेगळी भिजवून रंग सुटतो का ते पाहण्यास विसरू नये.

खर्चाविषयी खरे ते सांगितले पाहिजे. आठवडी बाजारात स्वस्त टी-शर्टचे ढीग पडलेले असतात. कापड, रिब, सुई, दोरा आणि आपले श्रम जमेस धरले, तर घरचा पहिला टी-शर्ट त्याहून स्वस्त पडेलच असे आम्ही म्हणणार नाही. दुसरा-तिसरा पडेल, कारण कागद तयार असतो, रिब उरलेली असते आणि हात बसलेला असतो. परंतु ढिगातील टी-शर्ट ढिगाच्या मापाचे असतात. ज्या मुलाचे अंग त्या मापात बसत नाही, जो फार उंच आहे, फार लठ्ठ आहे, किंवा ज्याचा एक खांदा उतरता आहे, त्यास त्या ढिगातून आपले असे काही मिळत नाही, आणि दोष आपल्या अंगाचाच आहे असे तो मनोमन धरून चालतो. घरी शिवणारी व्यक्ती कागद बदलते. आमच्या मते या शिवणकामाची खरी बचत हीच.

त्या दुरुस्त केलेल्या निळ्या टी-शर्टविषयी भाच्याने काही म्हटले नाही. आम्हीही विचारले नाही. एकदा त्याला सर्वांसमोर घरचा कपडा घालावयास सांगून आम्ही फसलो होतो, पुन्हा भीड घालणे बरे नव्हे. टी-शर्ट घडी करून त्याच्या पेटीवर ठेवला, इतकेच. पहिल्या आठवड्यात तो तेथेच होता. दुसऱ्या आठवड्यात तो धुण्याच्या टोपलीत आला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. त्यानंतर दर आठवड्यास तो टोपलीत येत राहिला, मग गळपट्टीचा रंग उतरला, कोपऱ्यात एक ठिगळही लागले, आणि शाळा संपवून तो आपल्या आईबापांकडे गेला तेव्हा पेटीत सर्वांत वर तोच होता. त्या वर्षी शाळेत काढलेल्या फोटोत आमचा भाचा दुसऱ्या रांगेत उभा आहे.

ज्या भगिनी हा प्रयोग करतील त्यांनी आरंभी लहान भावाचा किंवा नवऱ्याचा घरात घालावयाचा टी-शर्ट शिवावा. सणाच्या सकाळची घाई पहिल्या कामावर लादू नये. आणि तो डोक्यावरून घालून, काढून, पुन्हा घालून पाहिल्यावाचून कोणाच्या हाती देऊ नये, एवढी एक विनंती आमच्या अनुभवावरून करून आजचे लेखन पुरे करतो.